काचेमागचा समुद्र

भूमध्य समुद्रात आणि जगातील इतर उष्ण समुद्रांतही अर्गोनॉट नावाचा एक विलक्षण प्राणी राहतो. हा ऑक्टोपसाच्या, म्हणजे अष्टपादाच्या कुळातला. अष्टपादाला आठ लवचीक बाहू असतात आणि अंगावर कवच नसते, हे आपण जाणतोच. परंतु अर्गोनॉटची मादी मात्र शंखासारख्या वळणदार कवचात बसलेली आढळते. हे कवच दुधासारखे शुभ्र व पन्हळदार असते. आणि ते इतके पातळ असते, की त्याला कागदाचीच उपमा द्यावी. या मादीच्या आठांपैकी दोन बाहूंना रुंद, नाजूक पडदे असतात. थोर ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने असे लिहून ठेवले होते, की समुद्र शांत असला म्हणजे हा प्राणी पृष्ठभागावर येतो, ते पडदे शिडांप्रमाणे उभारतो आणि वाऱ्याच्या आधाराने आपली होडी हाकीत जातो. हे वर्णन इतके मनोहर होते, की पुढे दोन हजार वर्षे कवींनी ते गाइले आणि चित्रकारांनी ते रंगविले. ते खरे की खोटे, हे पाण्यात डोकावून पाहण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांत या प्राण्याविषयी एक वेगळाच वाद माजला होता. हे सुंदर कवच त्याचे स्वतःचे, की दुसऱ्याचे बळकावलेले? आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर भरती ओसरली म्हणजे मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड थाटून हिंडणारे छोटे खेकडे मुलांना हमखास दिसतात. अर्गोनॉट हा तशाच प्रकारचा भाडेकरू असावा, किंबहुना मूळ मालकाला ठार करून घरात शिरलेला दरोडेखोर असावा, असे पुष्कळ पंडितांचे म्हणणे होते. फ्रान्समधील नामांकित प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हील हे या पक्षाचे अध्वर्यू होते. त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. शंखशिंपल्यांतील इतर प्राणी आपल्या कवचाला स्नायूंनी घट्ट जखडलेले असतात. अर्गोनॉट मात्र कोठेही चिकटलेला नसतो, तो सहज बाहेर निसटतो. प्रतिपक्ष विचारी, की मग या कवचात दुसरा कोणताच प्राणी आजवर का सापडला नाही? त्यावर उत्तर मिळे, की अद्याप सापडला नाही, एवढेच. अशा रीतीने दोन्ही बाजू मद्यार्कात बुडविलेल्या मृत नमुन्यांवरून युक्तिवाद करीत होत्या, आणि मृत नमुना कोणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हता. हा तंटा ज्यांनी मिटविला त्या विद्यापीठातल्या पंडित नव्हत्या. त्या होत्या पॅरिसमध्ये शिवणकाम करून पोट भरलेल्या एक बाई. त्यांचे नाव झान व्हिल्प्रो-पॉवर.

झानचा जन्म सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या कोरेझ प्रांतातील झुईयाक या लहानशा गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. घरची स्थिती बेताची. तेव्हा तिचे शिक्षण म्हणजे लिहिता-वाचता येण्यापुरतेच. राज्यक्रांतीच्या वादळातून फ्रान्स नुकताच बाहेर पडत होता आणि पुढे नेपोलियनच्या युद्धांनी तो देश ढवळून निघाला. अशा काळात, १८१२ साली, अठरा वर्षांची ही मुलगी शिवणकाम शिकण्यासाठी पॅरिसला निघाली. गावापासून ते शहर चारशे किलोमीटरहून अधिक दूर. आणि हा प्रवास तिने पायी केला. ज्या नातलगाच्या भरवशावर ती निघाली होती त्याने वाटेत दगा दिला, असे तिचे चरित्रकार सांगतात. पॅरिसला पोचेपर्यंत ठरलेली नोकरी हातची गेली होती. पण ती परत फिरली नाही. दुसऱ्या एका दुकानात मदतनीस म्हणून राहिली.

चार वर्षांत तिच्या सुईची कीर्ती झाली. १८१६ साली नेपल्स व सिसिलीच्या राजघराण्यातील राजकन्या कॅरोलिन हिचा विवाह फ्रान्सच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ बेरी यांच्याशी झाला. त्या राजकन्येचा विवाहवेष तयार करण्याचे काम झानकडे आले. वेष सर्वांना आवडला, आणि त्या निमित्ताने जेम्स पॉवर या धनिक व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ साली सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात त्या दोघांचा विवाह झाला. मोठी गंमत वाटते ती याची, की जिच्यासाठी वेष शिवला ती राजकन्या दक्षिणेकडून फ्रान्समध्ये आली, आणि शिवणारी फ्रान्स सोडून त्याच राजकन्येच्या माहेरच्या राज्यात नांदायला गेली.

आता झानबाईंना काही कमी नव्हते. नोकरचाकर होते, प्रतिष्ठा होती, आणि वेळही मुबलक होता. श्रीमंत व्यापाऱ्याच्या पत्नीने मेजवान्या द्याव्यात आणि नवी वस्त्रे करवावीत, अशीच त्या काळची रीत. झानबाईंनी मात्र तो वेळ आपले राहिलेले शिक्षण पुरे करण्यात घालविला. शाळा नाही, शिक्षक नाहीत. पुस्तके मिळवावीत, वाचावीत, आणि मग घराबाहेर पडून वाचलेले पडताळून पाहावे, हीच त्यांची पद्धती. मला तर या पद्धतीतला तिसरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सिसिली बेट त्यांनी पालथे घातले. तेथील वनस्पती, फुलपाखरे, शंखशिंपले, जीवाश्म, खनिजे, जुने अवशेष यांच्या त्यांनी नोंदी केल्या. पुढे या भटकंतीतून त्या बेटाची मार्गदर्शिकाही तयार झाली. ती १८४२ साली प्रसिद्ध झाली. १९०८ च्या भूकंपात मेसिना शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. त्यापूर्वीची सिसिली कशी होती हे जाणून घ्यायला असे लिखाण उपयोगी पडते.

मेसिना हे समुद्रजीवांच्या अभ्यासाला जणू निसर्गानेच नेमून दिलेले ठिकाण आहे. इटलीचा किनारा व सिसिली यांच्यामधील चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जोराचे प्रवाह वाहतात आणि खोल पाण्यातील प्राण्यांना वर घेऊन येतात. कोळ्यांच्या जाळ्यांत कधी कधी अर्गोनॉटही सापडत. झानबाईंनी विद्वानांचा तो वाद वाचला होता. त्यांनी ताडले, की या प्रश्नाचे उत्तर मृत प्राण्याजवळ नाही, जिवंत प्राण्याजवळ आहे. कवच तयार होताना पाहिले पाहिजे. पण समुद्राच्या तळाशी जाऊन बसणार कोण? त्या काळी माणसाला पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याची सोय नव्हती. तेव्हा माणूस समुद्रात जात नसेल तर समुद्राचा एक तुकडा माणसाजवळ आणावा, असा त्यांनी निश्चय केला.

मासे पाळणे ही गोष्ट काही नवी नव्हती. चिनी लोक शतकानुशतके सोनेरी मासे पाळीत आले होते आणि प्राचीन रोममधील श्रीमंत लोक खाऱ्या पाण्याची तळी बांधीत. परंतु ते सारे वरून पाहणे होते, आणि शोभेसाठी किंवा भोजनासाठी होते. समुद्रातील जीव समोरून, बाजूने, अगदी डोळ्याशी डोळा भिडवून न्याहाळता यावा आणि त्यावर प्रयोग करता यावेत, म्हणून काचेची टाकी तयार करणे हे काम निराळे. ते झानबाईंनी १८३२ साली केले.

त्यांनी तीन प्रकारची साधने बनविली. पहिले म्हणजे घरात ठेवायची काचेची टाकी. तीत समुद्राचे पाणी भरून लहान प्राणी ठेवीत. दुसरे साधन काचेचेच, पण बाहेरून पिंजऱ्याने वेढलेले. ते उथळ समुद्रात सोडायचे आणि पाहणी करायची वेळ आली की वर ओढून घ्यायचे. तिसरा होता मोठा पिंजरा. तो बंदरात नांगर टाकून अधिक खोल पाण्यात बसविलेला असे. त्याच्या गजांमधील फटी अशा बेताने ठेवल्या होत्या, की पाणी मोकळेपणी खेळत राहावे पण आतील प्राणी निसटून जाऊ नये. हे पिंजरे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

एका टाकीवर भागत असता तीन साधने कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बंद टाकीतील प्राणी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि त्यांच्या मलाने पाणी दूषित होते; दोन दिवसांपूर्वी तुकतुकीत दिसणारा जीव तिसऱ्या दिवशी तळाशी पडतो. हवा सोडणारे पंप त्या काळी कोठून असणार? पाणवनस्पती व जलचर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना सांभाळतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली प्रयोगाने दाखविले. म्हणजे झानबाईंच्या पहिल्या टाकीनंतर अठरा वर्षांनी. तोपर्यंत ताजे पाणी मिळण्याची एकच खात्रीची जागा होती, ती म्हणजे खुद्द समुद्र. म्हणून ज्या प्राण्याला दीर्घकाळ जगवायचे, तो समुद्रातच पिंजऱ्यात ठेवायचा. आणि जे जवळून पाहायचे, ते काचेमागे.

टाकी बांधणे हेही दिसते तितके सोपे नाही. आजकाल पुष्कळ हौशी मुले दुकानाच्या जुन्या पाटीचे किंवा मोडीत निघालेल्या कपाटाचे ॲक्रिलिकचे तक्ते आणून घरच्या घरी टाकी जोडतात. त्यांनी एक हिशेब अवश्य करून पाहावा. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन ५४ किलो झाले. ते केवळ तळावर बसत नाही. समोरच्या लांब भिंतीवरही ते २७ किलोंच्या भाराइतका रेटा देते, आणि हा रेटा खाली खाली वाढत जातो. म्हणून पातळ तक्त्याची टाकी मधोमध फुगते, आणि पहिला सांधा सुटतो तो बहुधा तळाशी. ॲक्रिलिक काचेहून वजनाला निम्मे आणि सहज न फुटणारे, पण त्यावर चरे लवकर पडतात. काच स्वच्छ राहते, पण तडकते. झानबाईंच्या काळी ॲक्रिलिक नव्हते आणि सांधे बुजवायला आजच्यासारखे सिलिकॉनही नव्हते. तयार वस्तू विकत मिळेल असे दुकान तर साऱ्या युरोपात नव्हते. जे हवे ते स्वतः योजायचे आणि करवून घ्यायचे.

साधने सिद्ध झाली आणि खरे काम सुरू झाले. रोज बंदरावर जावे, पिंजऱ्यातील अर्गोनॉटना खाऊ घालावे, आणि तासन् तास पाहत बसावे. हा क्रम काही थोडे दिवस नव्हे, वर्षानुवर्षे चालला. प्रथम त्या शिडांचा उलगडा झाला. बाहूंवरचे ते रुंद पडदे मादी वाऱ्यावर उभारीत नव्हती. ती ते मागे वळवून कवचाच्या दोन्ही बाजूंवर बाहेरून पसरीत होती, जणू कवचाला कुशीत घेऊन बसली होती. दोन हजार वर्षांची शिडे अशी खाली उतरली.

मग ते पडदे कशासाठी? झानबाईंनी एका मादीच्या कवचाचा लहानसा तुकडा मोडला आणि त्या वाट पाहू लागल्या. मादीने आपला पडदा त्या भगदाडावर आणून ठेवला. पडद्यातून पाझरलेल्या द्रव्याचा पातळ पापुद्रा तेथे धरला, आणि तो हळूहळू घट्ट होऊन भगदाड बुजले. भाडेकरू घराची अशी दुरुस्ती करीत नाही. निदान स्वतःच्या अंगातल्या चुन्याने तरी खास नाही. तरीही कोणी म्हणेल, की डागडुजी करता येते म्हणून घर त्यानेच बांधले असे कशावरून? ही शंका स्वतः झानबाईंनाही आली असली पाहिजे, कारण पुढचा प्रयोग नेमका तिच्यावरच होता. मादी आपली अंडी कवचातच सांभाळते. त्या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पिलांवर त्यांनी लक्ष ठेवले. पिलू जन्मते तेव्हा त्याला कवच नसते. काही दिवसांनी ते थोडे वाढले म्हणजे त्याच्या अंगावर इवलेसे कवच दिसू लागते, आणि मग प्राण्याबरोबर तेही वाढत जाते. कोणाचे घर बळकावण्याचा येथे प्रश्नच उरला नाही. अर्गोनॉटची मादी आपले कवच आपणच घडविते, हे निर्विवाद सिद्ध झाले.

येथे जाता जाता सांगितले पाहिजे, की कवचात सापडणारे सारे अर्गोनॉट माद्याच असतात. नर अवघ्या दोनएक सेंटिमीटरांचा असतो आणि त्याला कवच मुळीच नसते. त्याचा तुटलेला एक बाहू मादीजवळ सापडे, तेव्हा जुने पंडित त्याला निराळाच एक कृमी समजत. संपूर्ण नर कसा असतो ते हाइनरिख म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५३ साली दाखविले.

झानबाईंनी आपले निष्कर्ष १८३४ साली सिसिलीतील कातानिया येथील जिओएनिया अकादमीपुढे ठेवले. त्या विद्वत्सभेने त्यांना सदस्यत्व दिले. स्त्रीला असा मान मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तरीही पॅरिस व लंडन येथील पंडितांना मान्य करविण्याचे काम उरलेच होते. दक्षिणेकडच्या एका बेटावर राहणाऱ्या, कोणतीही पदवी नसलेल्या बाईंचे निरीक्षण प्रमाण मानावे, हे ब्लँव्हीलसारख्यांना कसे पटावे? त्यातच रांग नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने त्याच विषयावर १८३७ च्या सुमारास आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि श्रेय कोणाचे असा प्रश्न उभा राहिला. कातानियाचे प्राध्यापक माराविन्या यांनी झानबाईंची बाजू उचलून धरली. लंडनचे विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी बाईंनी पाठविलेले नमुने पारखून पाहिले. त्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत वाढत गेलेली कवचे व प्राणी क्रमाने होते, आणि दुरुस्त झालेली कवचेही होती. ओवेन यांची खात्री पटली आणि १८३९ साली त्यांनी तेथील प्राणिशास्त्र मंडळापुढे त्यांचे काम मांडले. त्या मंडळानेही बाईंना आपले सदस्य करून घेतले.

परंतु त्याआधीच मोठा आघात झाला होता. सिसिलीतील वास्तव्य आवरते घेण्याच्या विचाराने झानबाईंनी आपला बहुतेक संग्रह, रेखाटने आणि कागदपत्रे लंडनला जाणाऱ्या जहाजावर चढविली होती. १८३८ साली ते जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यानजीक बुडाले. ज्या समुद्रातून वीस वर्षे एकेक वस्तू वेचून काढली होती, त्यानेच ते सारे परत घेतले. जे हाताशी उरले होते त्याच्या आधारे त्यांनी पुढल्याच वर्षी समुद्रातील व जमिनीवरील प्राण्यांच्या निरीक्षणांचे आपले पुस्तक फ्रेंच भाषेत छापून प्रसिद्ध केले. लेखन त्यांनी पुढेही सोडले नाही. नवे प्रयोग मात्र त्यांच्या हातून फारसे झाले नाहीत. १८४३ च्या सुमारास त्या सिसिली सोडून गेल्या आणि पुढील आयुष्य पॅरिस व लंडन येथे घालवू लागल्या.

त्यांच्या लिखाणातील अष्टपादाची एक हकीकत मला फार आवडते. पिना नावाचा मोठा शिंपला आपली दोन झाकणे जराशी उघडून बसतो, आणि चाहूल लागताच ती मिटून घेतो. झानबाईंनी पाहिले, की अष्टपाद एक खडा घेऊन त्याच्याजवळ दबा धरून बसला. झाकणे उघडताच त्याने तो खडा मध्ये सरकविला, आणि मिटता न येणाऱ्या शिंपल्यातले मांस मजेत खाल्ले. प्राणी साधने वापरतात ही गोष्ट शास्त्रज्ञ विसाव्या शतकात गांभीर्याने घेऊ लागले. काचेसमोर बसलेल्या या बाईंनी ती १८५७ साली छापून मोकळी केली होती.

मधल्या काळात काचेची टाकी लोकप्रिय झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे दालन उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ॲक्वेरियम हा शब्द रूढ केला, आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत अशा टाक्या ठेवण्याचे खूळच पसरले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, ते याच परंपरेतले. गॉस यांचे नाव सर्वतोमुखी झाले. झानबाईंचे मागे पडले. ओवेन यांनी मात्र १८५८ साली, मत्स्यालयाच्या विद्येचे मातृपद त्यांचेच आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

कवच कोणाचे हे ठरले, तरी ते कशासाठी, हा प्रश्न बराच काळ रेंगाळला. अंडी सांभाळण्यासाठी हे तर खरेच. पण कवचात पुष्कळदा हवेचा बुडबुडा आढळे, आणि तो प्राण्याच्या जिवावरचा अपघात समजला जाई. २०१० साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी जपानच्या समुद्रात बुड्या मारून जिवंत माद्यांचे चित्रण केले. मादी पृष्ठभागावर येऊन मुद्दाम हवा भरून घेते, कवचाचे तोंड बाहूंनी बंद करते, आणि पोहत खाली जाऊन ना बुडता ना तरंगता पाण्यात स्थिर राहते, असे त्यांना दिसले.

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. त्या धामधुमीत झानबाई पॅरिस सोडून आपल्या गावी, झुईयाकला, आल्या. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी तेथूनच त्या पायी निघाल्या होत्या. २५ जानेवारी १८७१ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे तेथे निधन झाले. फ्रान्स पराभवाच्या दुःखात होता. एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूची दखल घेण्यास कोणाला उसंत नव्हती. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९९७ साली, शुक्र ग्रहावरील एका विवराला व्हिल्प्रो-पॉवर असे नाव देण्यात आले.